माठातलं शिळं पाणी

लाईट आली की शेडमधले जुने माग आधी जागे होतात. अण्णा दांडा ओढतात, पट्टा फिरतो, धोटा या टोकाचा त्या टोकाला झेपावतो आणि पुन्हा तो खटखटाट सुरू होतो, ज्यात बोलायचं तर माणसाच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये आठ माग होते. सहांवर पुठ्ठ्याच्या कार्डांचं जकार्ड, दोनांवर आम्ही बसवलेलं इलेक्ट्रॉनिक. सहा माग कामाला लागले तरी आमचे दोन गप्प उभे. पडद्यावर काही नाही, कोपऱ्यात एक हिरवा दिवा तेवढा. अर्धा मिनिट, कधी त्याहून थोडं जास्त.

शेडचे मालक, शेठ, माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. काटा अर्धा फिरून आला तसे म्हणाले, "इंजिनिअर साहेब, पुठ्ठ्याला सुरू व्हायला किती वेळ लागतो, ते सांगा की."

याला उत्तर नव्हतं. पुठ्ठ्याला वेळ लागतच नाही. माझं लहानपण भवानी पेठेत गेलं. शेजारच्या घरात जकार्डाची कार्डं पाडायचं काम चाले. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायची, मग तिची एकेक आडवी ओळ एकेका कार्डावर उतरवायची. जिथला धागा उचलायचा तिथं भोक, जिथला नाही तिथं कोरा पुठ्ठा. एक आडवा धागा म्हणजे एक कार्ड. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून मागाच्या डोक्यावर टांगली की मयूर, कमळ, जे काही असेल ते खाली कापडावर उमटत जातं. १८०४ च्या सुमारास लिआँच्या जकार्डनं बसवलेली ही युक्ती पुढे बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी उचलली, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटायच्या ऐवजी थोडा रागच आला होता. आमच्या गल्लीत हे रोज चालत होतं आणि कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं की ही साठवण आहे, स्मृती आहे. लाईट गेली तरी भोक जागेवर राहतं. लाईट आली की ज्या कार्डावर माग थांबला त्याच कार्डावरून पुढे जातो.

मी बारा वर्षं पुण्यात काढून परत आलो होतो. मागांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये तेव्हा मी एकटाच सॉफ्टवेअरवाला. पुण्यात असताना एखादं यंत्र चालू व्हायला तीस सेकंद घेतं की सहा, यावर मी मीटिंगा केल्या होत्या, पण त्या तीस सेकंदांत कुणी माझ्यासमोर उभं राहिलं नव्हतं. इथं मे महिन्याच्या दुपारी, बेचाळीस डिग्रीत, पत्र्याखाली, लाईट चार-पाच वेळा ये-जा करायची. कामगाराची मजुरी चादरीमागे. त्याच्यासाठी अर्धा मिनिट म्हणजे त्याच्या खिशातला अर्धा मिनिट.

बोर्ड आम्ही बाहेरून घेत असू. कॉर्टेक्स-ए८ गाभ्याची चिप, थोडी रॅम आणि एक एसडी कार्ड. सगळ्यांचं एकमत होतं की कार्ड हळू आहे. शेठनी तर स्वतःच्या पैशानं क्लास १० चं कार्ड आणून घातलं होतं. कार्डावरचा तो १० चा आकडा लिहिण्याच्या वेगाचा असतो, सेकंदाला किमान १० मेगाबाइट सलग लिहीन एवढीच ती हमी. आम्हाला तर वाचायचं होतं. कार्ड बदलून फरक पडला नाही, तरी कार्डावरचा संशय हटला नाही. चोर एकदा ठरला की पंचनामा कोण करतो?

म्हणून मी मोजायचं ठरवलं, आणि मोजायचं तर बूटलोडरपासून. कारखान्याचं कुलूप उघडणारा वॉचमन असतो ना, शटर वर करतो, मेन स्विच टाकतो, माणसं आत आली की बाजूला होतो, तसं हे बूटलोडर. चिपला वीज मिळाल्यावर रॅम जागी करायची, कार्डावरून मुख्य प्रोग्राम रॅममध्ये आणायचा, त्याची तपासणी करायची, दाबून भरलेला असेल तर उलगडायचा आणि कारभार त्याच्या हाती देऊन निघून जायचं. आमच्या बोर्डावर यू-बूट होतं. वोल्फगांग डेंक या जर्मन गृहस्थानं आधी पॉवरपीसी चिपांसाठी सांभाळलेलं आणि २००२ मध्ये इतर चिपांवरही चालू लागल्यावर हे नाव घेतलेलं. जर्मनमध्ये यू-बूट म्हणजे पाणबुडी. काम संपलं की पाण्याखाली जाते, कुणाला दिसत नाही, म्हणून मला ते नाव आवडतं. गैरसोय अशी की जे दिसत नाही त्याचा हिशेबही कुणी मागत नाही.

सीरियल केबल लावली, लॅपटॉपवर यू-बूटची ओळ आली. कार्डावरून १२ मेगाबाइट वाचून किती वेळ लागतो ते त्यालाच विचारलं. भागाकार केला तर सेकंदाला २५.४ मेगाबाइट. मी खूश झालो, आणि मिनिटाभरात ओशाळलो. कार्डाला डेटाच्या तारा चार, घड्याळ ५० मेगाहर्ट्झचं. म्हणजे सेकंदाला २० कोटी बिट, २५ मेगाबाइट. नळाच्या तोंडातून मावेल त्यापेक्षा जास्त पाणी बादलीत पडत होतं. असा आकडा आला की नळाचं कौतुक करायचं नसतं, मापट्याकडे बघायचं असतं.

यू-बूटमध्ये स्वस्थ बसायचा एक हुकूम आहे. त्याला साठ सेकंद बस म्हटलं आणि हातात मोबाइलचं स्टॉपवॉच धरलं. बरोबर पासष्ट सेकंदांनी तो उठला. बोर्डावरचा घड्याळाचा क्रिस्टल २४ मेगाहर्ट्झचा होता आणि कोडमध्ये २६ लिहिलेलं, बहुधा दुसऱ्या कुठल्या बोर्डाच्या कोडावरून उचललेलं. म्हणजे या घड्याळाचा एक सेकंद खऱ्या सेकंदाहून लांब. त्यानं मोजलेला प्रत्येक वेग त्या प्रमाणात फुगलेला. आकडा दुरुस्त केल्यावर कार्डाचा खरा वेग २३.४ निघाला. म्हणजे चार तारांतून जेवढं येणं शक्य होतं त्याच्या अगदी जवळ. कार्ड निर्दोष होतं. १२ मेगाबाइटला त्याला अर्धा सेकंद लागत होता.

मग उरलेला अर्धा मिनिट कोण खात होतं?

घड्याळावरचा विश्वास उडाल्यामुळे मी दुसरा उपाय केला. प्रत्येक टप्प्याला बोर्डाची एक पिन वरखाली करायची आणि ती ऑसिलोस्कोपवर बघायची. स्कोपचं घड्याळ स्वतःचं असतं, बूटलोडरच्या चुका त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. पडद्यावर जे चित्र आलं ते सांगतो. वाचन अर्धा सेकंद. तपासणीची बेरीज, ज्याला चेकसम म्हणतात, ती दोन सेकंद. दाबलेला प्रोग्राम उलगडायला, १२ चे ३० मेगाबाइट करायला, सव्वीस सेकंद. शिवाय कुणी कळ दाबतं का म्हणून तीन सेकंद वाट बघणं. ही वाट टेबलावर काम करणाऱ्या माणसासाठी असते, शेडमध्ये ती कळ दाबायला कुणीच नसतं, तरी जगातल्या कितीतरी यंत्रांत ती तशीच राहून गेलेली असते.

सव्वीस सेकंद. एवढ्या कामाला घरचा साधा कॉम्प्युटर सेकंदही लावत नाही. मी यू-बूटला कॅशची स्थिती विचारली. इन्स्ट्रक्शन कॅश चालू. डेटा कॅश बंद.

कॅश म्हणजे काय हे सोलापूरच्या माणसाला समजवायला लागू नये. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ते उजनीहून, शंभरेक किलोमीटरवरून. ते आलं की आधी हौद भरतो, मग बॅरल, मग हंडे-कळशा, आणि शेवटी स्वयंपाकघरातला माठ. तहान लागली म्हणून कुणी उजनीला जात नाही, हौदापर्यंतसुद्धा जात नाही. हात लांबवला की माठ. कार्ड म्हणजे उजनी, रॅम म्हणजे अंगणातला हौद, आणि प्रोसेसरच्या कुशीत बसलेली ती इवलीशी डेटा कॅश म्हणजे माठ. आमच्या चिपमध्ये असे दोन होते, ३२ किलोबाइटचा छोटा आणि २५६ किलोबाइटचा मोठा. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिला स्लेव्ह मेमरी म्हटलं होतं. कॅश हे नाव तीनेक वर्षांनी आयबीएमच्या लोकांनी रूढ केलं. मला विचारलं असतं तर मी माठच म्हटलं असतं.

माठ बंद असेल तर प्रत्येक घोटाला अंगणात जावं लागतं. रॅमपर्यंतच्या एका खेपेला शंभराच्या आसपास नॅनोसेकंद, माठातून घ्यायला दोन-चार. उलगडण्याच्या कामात एकेका बाइटसाठी अशा कितीतरी खेपा. तीन कोटी बाइटांना त्या गुणल्या की सव्वीस सेकंद होतात. आणि गंमत अशी की कार्डाच्या वाचनाला यातला काहीच त्रास नव्हता. ते पाणी डीएमए नावाचा वेगळा पाणक्या आणून थेट हौदात ओततो, प्रोसेसरला विचारत नाही, माठाकडे बघत नाही. म्हणून साठवणीचा वेग मोजला की सगळं ठीक दिसायचं.

कोड उघडला. बोर्डाच्या सेटिंगच्या फायलीत डेटा कॅश बंद करणारी ओळ होती आणि तिच्यावर शेरा: चालू करू नये. कारण दिलेलं नव्हतं, तारीख नव्हती. मी हसलो. आधीच्या माणसाला जमलं नसेल, असं मनात आलं. हे मी लपवून ठेवत नाही.

चालू करणं म्हणजे एक ओळ खोडणं एवढंच नसतं. या चिपमध्ये डेटा कॅशला कुठली जागा माठात ठेवण्याजोगी आणि कुठली नाही हे पानांच्या तक्त्यातून कळतं. ४०९६ नोंदी, प्रत्येक नोंद एका मेगाबाइटची, तक्ता १६ किलोबाइटचा. रॅम कॅशमध्ये, यंत्रांच्या रजिस्टरांचे पत्ते कॅशबाहेर. सीरियल पोर्टचा पत्ता चुकून कॅशमध्ये गेला तर तुम्ही पाठवलेलं अक्षर माठातच राहतं, पडद्यावर येत नाही. पहिल्या संध्याकाळी माझं तेच झालं आणि मी दोन तास केबल बदलत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी एक वेगळी चाचणी लिहिली, जिची कामासाठी काही गरज नव्हती. ४ किलोबाइट पुन्हा पुन्हा वाच, मग ८, मग १६, असं दुप्पट करत एक मेगाबाइटपर्यंत. दर बाइटला लागलेला वेळ कागदावर मांडला. ३२ किलोबाइटपर्यंत सपाट, तिथं एक पायरी. पुढे २५६ पर्यंत पुन्हा सपाट, तिथं मोठी पायरी. चिपच्या पुस्तकात छापलेले दोन्ही आकडे माझ्या पेन्सिलीच्या रेघेत उमटले. मोजमापाच्या कामात अशी क्षणभराची समाधी लागते, तिचा पगार कुणी देत नाही. आई चहा घेऊन आली, कागद बघून म्हणाली, "तळ्याचा घाट काढलाय होय?" सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायऱ्या म्हणत होती ती.

कॅश चालू केल्यावर उलगडणं सव्वीस सेकंदांवरून सेकंदाच्या आत आलं, चेकसम दोन सेकंदांवरून सेकंदाच्या दहाव्या हिस्स्यावर. तीन सेकंदांची वाट मी काढून टाकली. त्यापुढे मुख्य प्रोग्राम उठायला चार सेकंद घ्यायचा, ते माझ्या हातात नव्हतं. छत्तीसचे सहा झाले. शेठनी स्वतः मेन स्विच पाडून वर केला, घड्याळ बघितलं, परत पाडून वर केला. मग काही न बोलता आत गेले आणि घरून आलेल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढे ठेवली. सोलापुरात याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

इथं थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. पण आकडा खाली येताना दिसला की माणसाला भूल पडते. बूटलोडरच्या वाट्याच्या बत्तीसचे दीड केलेला माणूस त्या दीडाकडेही वखवखून बघायला लागतो. यू-बूट सुरू होताना सीरियलवर बरंच काही छापतं, आणि ११५२०० बॉडच्या त्या तारेतून सेकंदाला साडेअकरा हजार अक्षरंच जातात. छपाई बंद केली, सेकंदाचा पाचवा हिस्सा वाचला. शेडमध्ये ते वाचणार तरी कोण होतं? मग चेकसम. लाईट जाऊन आली असेल तर प्रोग्राम मघाशीच तपासलेला असतो, परत कशाला? वीज गेल्यानंतरच्या सुरुवातीसाठी मी एक जवळची वाट काढली, तीत चेकसम वगळला. सेकंदाचा दहावा हिस्सा. अण्णांना त्या दहाव्या हिस्स्याचं काय करायचं होतं देव जाणे.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एक दिवस शेठचा फोन आला, की माल परत आलाय.

गेलो तेव्हा अण्णा एक चादर पसरून बसले होते. पन्नाशी उलटलेला पद्मशाली माणूस, घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी, चाळीस वर्षं मागावर. म्हणाले, "हात फिरवून बघा की." मी फिरवला, मला काही कळलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळवा हळूच डावीकडच्या काठाकडून आत सरकवला. एका जागी बोटाला धागा लागला. एकच आडवा धागा, सैल, वर उठलेला. डाव्या काठापासून आत काही अंतरापर्यंत खालच्या उभ्या धाग्यांनी त्याला कुठं धरलंच नव्हतं, तिथून पुढं तो नीट विणलेला. अंगठी अडकली की ओढला जाणार.

"एका चादरीत तीन ठिकाणी," अण्णा म्हणाले, "आणि सगळीकडं नक्षी जिथनं सुरू होती तिथंच. रोज नाही. लाईट जाऊन आली की त्या पाळीत."

एवढं निरीक्षण माझ्या लॉगमध्येही नव्हतं. लॉग तर मीच बंद केला होता.

नक्षी चादरीत तीनदा फिरून येत होती, म्हणजे प्रत्येक वेळी नक्षीचा पहिलाच आडवा धागा बिघडत होता. माग पहिल्या ओळीवर थांबवला आणि शिडीवर चढून जकार्डाचे हुक मोजले. आमच्या जकार्डाला १३४४ हुक. डावीकडून एकही उचललेला नाही, असे ३५२. तीनशे त्रेपन्नाव्यापासून नक्षी कागदाशी तंतोतंत जुळत होती. दोनदा मोजले, अण्णांनी तिसऱ्यांदा मोजले. एका हुकाला एक बिट, आठ हुकांचा एक बाइट. ३५२ भागिले ८. चव्वेचाळीस.

शिडीवरच बसून राहिलो. नक्षी रॅममध्ये जिथं उतरते तिच्या आधी मी एक छोटी नोंद ठेवली होती, नक्षीचा क्रमांक, ओळी किती, माग कुठल्या ओळीवर थांबला होता वगैरे. तिची लांबी वीस बाइट. वीस आणि चव्वेचाळीस चौसष्ट. या चिपची कॅश चौसष्ट बाइटांच्या ओळींनीच रॅमशी देवघेव करते. त्याहून कमी तिला उचलता येत नाही, ठेवता येत नाही.

काय होत होतं ते माठाच्याच भाषेत सांगतो. बूटलोडर आधी ती चौसष्ट बाइटांची जागा शून्यानं पुसायचा आणि तीत नोंद लिहायचा. ही लिखावट माठात राहायची, हौदात लगेच उतरत नसे. मग डीएमए कार्डावरून नक्षी आणून थेट हौदात ओतायचा, नोंदीला लागूनच. हौदात ताजं पाणी, माठात त्याच जागेचं शिळं. डीएमएच्या आधी-नंतर माठ रिकामा करायची व्यवस्था यू-बूटमध्ये असते. पण नक्षीचा पत्ता ओळीच्या सुरुवातीला नव्हता, वीस बाइट पुढे होता. त्या आवृत्तीतला कोड अशा वेळी कडेची अर्धवट ओळ सोडून देतो, कारण तीत दुसऱ्या कुणाचं तरी काही असू शकतं, आणि सीरियलवर तक्रार छापतो की सुरुवातीचा पत्ता ओळीवर बसत नाही. छापतो म्हणजे छापला असता. शेवटी मुख्य प्रोग्रामकडे कारभार सोपवताना बूटलोडर माठ हौदात ओततो, शिस्तीचा भाग म्हणून. त्या शेवटच्या ओतण्यात चव्वेचाळीस बाइटांचं शिळं शून्य ताज्या नक्षीवर पडायचं. शून्य म्हणजे भोक नाही. तीनशे बावन्न हुक खालीच.

आणि रोज का नाही? कारण नेहमीच्या वाटेनं नोंद लिहिल्यावर चेकसम व्हायचा. बारा मेगाबाइट त्या अडीचशे किलोबाइटच्या माठातून जायचे. त्या रेट्यात नोंदीची ओळ केव्हाच हौदात ढकलली जायची, आणि नक्षी तिच्यानंतर येऊन नीट बसायची. माझ्या जवळच्या वाटेत चेकसम नव्हता. सेकंदाचा तो दहावा हिस्सा नकळत माठ धुऊन काढत होता. आता मात्र नक्षी बिघडत होती आणि तिला स्वतःचा चेकसम मी कधी दिलाच नव्हता. प्रोग्राम बिघडला तर यंत्र चालणार नाही म्हणून त्याची तपासणी, नक्षी काय, नुसती नक्षी. हे वाक्य मी तेव्हा मनात असंच म्हटलं होतं. सोलापुरात जन्मलेला माणूस.

रात्री तो चालू करू नये लिहिणारा इंजिनिअर शोधून काढला. हैदराबादला असतो आता. फोनवर आधी त्याला आठवेना, मग म्हणाला, "अरे हो. नेटवर्कवरून इमेज उतरवली की दहातून एकदा बिघडायची. कॅश बंद केली की नाही बिघडायची. कारण शोधायला वेळच नव्हता, दिवाळीच्या आत पन्नास बोर्डं द्यायची होती. म्हटलं, हळू चालू दे."

"मग कारण लिहायचं होतंस की."

"कारण माहीत असतं तर कॅश बंद कशाला केली असती?"

बरोबर होतं त्याचं. माझ्याकडे महिनाभराची सवड होती, स्कोप होता, आणि मी पायऱ्यांचं चित्र काढलं होतं. तरी मी वेगच मोजला. मोजताना दर वेळी तेच १२ मेगाबाइट वाचले आणि त्यांना किती वेळ लागला ते लिहिलं. जे वाचलं ते खरंच तेच आहे का, हे एकदाही ताडून बघितलं नाही. वाचनाच्या चाचणीला ताडून बघण्याची एक ओळ जोडायला दहा मिनिटं लागली असती, आणि नक्षीच्या जागेवर ती चालवली असती तर पहिल्याच दिवशी ओरडली असती.

दुरुस्ती लहान होती. नोंदीला पूर्ण चौसष्ट बाइटांची जागा दिली, नक्षी पुढच्या ओळीच्या सुरुवातीपासून. जवळच्या वाटेत चेकसम परत आणला, नक्षीलाही तिचा वेगळा दिला. छपाई बंदच ठेवली, पण चुकीच्या ओळी आता रॅमच्या एका कोपऱ्यात जमा होतात आणि मुख्य प्रोग्राम त्या पडद्यावर दाखवतो. बाकीचा यू-बूट चाळून कडेवर न बसणारे आणखी दोन पत्ते सापडले, त्यातला एक नेटवर्कच्या कोडात. तो हैदराबादला कळवला. त्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

सहा सेकंद होते, ते सहाच राहिले. माझ्या छाटाछाटीतून वाचलेला तो अंश शेठच्या घड्याळाला कधी दिसलाच नव्हता.

परत आलेल्या मालातल्या चार चादरी मी विकत घेतल्या. शेठ पैसे घेत नव्हते, मी ठेवून आलो. तीन वाटल्या, एक घरी आणली. म्हटलं, ही जपून ठेवू, नव्या पोरांना शिकवताना दाखवता येईल की चव्वेचाळीस बाइट कसे दिसतात. दोन दिवसांनी कामावरून आलो तर आई ती पांघरून पडली होती. बांगडीत धागा अडकत होता म्हणाली. कात्री उशाशीच होती. तिन्ही धागे तिनं कापून टाकले होते.